अपो दुर्बीण कोल्हापुरात बसून घेताना: काच, किंमत आणि गच्चीवरची तपासणी

१०० मिमी व्यासाची भिंगाची दुर्बीण घ्यायची ठरवून किमती बघायला बसलं की डोकं गरगरतं. व्यास तोच, नळीची लांबी थोडीफार इकडेतिकडे, आणि किंमत मात्र दहापट बदलते. साधी अ‍ॅक्रोमॅट ३००-४०० डॉलरला मिळते. ईडी काचेची, म्हणजे रंग कमी फोडणाऱ्या खास काचेची, दोन भिंगांची हजाराच्या आसपास, तीन भिंगांची दोन हजारांच्या घरात आणि जपानी फ्लोराइटची त्याच्याही वर. या वरच्या पायऱ्यांवरच्या, रंगाची झालर जवळजवळ न दाखवणाऱ्या दुर्बिणींना अपो (अपोक्रोमॅट) म्हणतात. हे आकडे ढोबळ आहेत, पण पायऱ्या अशाच आहेत. यातल्या कुठल्या पायरीवरचा फरक डोळ्याला दिसतो आणि कुठला फक्त कागदावर राहतो, ते आधी समजून घ्यायला हवं. परदेशातून मागवलेली दुर्बीण खराब निघाली तर ती परत पाठवणं म्हणजे पुन्हा कस्टम, पुन्हा भाडं आणि पुन्हा कुरिअरच्या हातातले धक्के. म्हणून पैसे देण्याआधीचे प्रश्न आणि खोकं उघडल्यानंतरची तपासणी या दोन्ही गोष्टी मागवण्याआधीच माहीत असाव्यात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. फक्त जास्त प्रकाश हवा असेल, अंधुक दीर्घिका आणि तारकागुच्छ बघायचे असतील, तर अपोच्या वाटेला जाऊ नका. २०० मिमी आरशाची डॉबसोनियन चांगल्या १०० मिमी अपोच्या कितीतरी कमी पैशांत येते आणि जवळपास चौपट प्रकाश गोळा करते. अपो घ्यायची ती टाचणीच्या टोकासारख्या ताऱ्यांसाठी, चंद्र-गुरू-शनीच्या स्वच्छ कडांसाठी, जोडताऱ्यांसाठी, छायाचित्रणासाठी, आणि बाहेर काढली की फारशी खटपट न करता चालते म्हणून. हे पटत असेल तर पुढे वाचा.

रंग का फुटतो आणि काच महाग का

साध्या अ‍ॅक्रोमॅटमध्ये क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांची जोडी असते. ती लाल (६५६ नॅनोमीटर) आणि निळा (४८६ नॅनोमीटर) हे दोन रंग एका ठिकाणी आणते, पण हिरवा त्यांच्यापासून सुटा राहतो. हे अंतर केंद्रांतराच्या (भिंगापासून फोकसपर्यंतच्या अंतराच्या) साधारण दोन हजाराव्या भागाइतकं असतं. म्हणजे १००० मिमी केंद्रांतराच्या एफ/१० दुर्बिणीत (एफचा आकडा म्हणजे केंद्रांतर भागिले व्यास) अर्धा मिमी. आता एफ/१० ला डोळ्याला न कळणारी फोकसची चूक किती? दोन्ही बाजूंना जेमतेम ०.११ मिमी. अर्धा मिमी त्याच्या साडेचारपट झाला, आणि जांभळा तर त्याहून लांब पळतो. गुरूभोवती किंवा व्याधाभोवती दिसणारी जांभळी झालर ती हीच.

जुना उपाय म्हणजे नळी लांब करणं. एफचा आकडा व्यासाच्या इंचांच्या किमान तिप्पट ठेवला तर झालर सुसह्य होते. चार इंचांना एफ/१२, म्हणजे सव्वा मीटरची नळी. स्कूटरवर नेता येत नाही, वाऱ्यात हलते, आणि तिला पेलणारं माउंट दुर्बिणीपेक्षा महाग पडतं.

नवा उपाय म्हणजे काच बदलणं. काच रंग किती फोडते ते आबे अंकावरून कळतं. अंक मोठा तितका रंग कमी फुटतो. साध्या बीके-७ क्राउनचा अंक ६४ आहे, जपानी ओहारा कंपनीच्या एफपीएल-५१ या ईडी काचेचा ८१.५, एफपीएल-५३ चा ९४.९, होया कंपनीच्या एफसीडी-१०० चा ९५.१, आणि फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकाचा ९५ च्या आसपास. अर्न्स्ट आबेच्या रचनेवर झाइसने १८८६ मध्ये सूक्ष्मदर्शकाची अपोक्रोमॅट भिंगं बाजारात आणली ती फ्लोराइट वापरूनच. आज एफपीएल-५३, एफसीडी-१०० आणि फ्लोराइट यांत डोळ्याला कळेल असा फरक काचेचा कमी आणि बनवणाऱ्याच्या हाताचा जास्त असतो. एफपीएल-५१ मात्र खरंच एक पायरी खाली आहे.

ही काच महाग का, याचं उत्तर कारखान्यात आहे. ती मऊ असते, ओरखडा लवकर पडतो. उष्णतेने ती बीके-७ च्या दुपटीने फुगते, त्यामुळे पॉलिश करताना घर्षणाने तापली की आकार बदलतो. थांबायचं, गार होऊ द्यायचं, मोजायचं आणि पुन्हा घासायचं. मोठ्या व्यासाचा निर्दोष तुकडा मिळणं अवघड. शिवाय व्यास वाढला की काचेचं घनफळ घनाने वाढतं. १०० वरून १३० मिमीवर गेलात तर काच २.२ पट लागते, प्रकाश मात्र ६९ टक्केच वाढतो, आणि एफ तोच ठेवला तर रंगदोषही व्यासाबरोबर वाढतो, म्हणून रचना आणखी कडक करावी लागते. ताकाहाशीची टीओए-१३० ही तीन भिंगांची दुर्बीण त्याच कंपनीच्या १०० मिमी फ्लोराइटच्या दुपटीहून महाग आहे ती उगीच नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रो-फिजिक्सच्या दुर्बिणींसाठी तर लोक वर्षानुवर्षं यादीत थांबलेले आहेत.

पाटीवर लिहिलेलं आणि न लिहिलेलं

‘अपो’ हा शब्द कोणी कशावरही छापू शकतो. आबेची मूळ व्याख्या कडक होती: तीन रंग एका बिंदूत आले पाहिजेत आणि गोलीय दोष (भिंगाच्या कडेचा आणि मधला प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी जमणं) दोन रंगांत दुरुस्त झालेला पाहिजे. बाजारातल्या निम्म्या पाट्या या कसोटीला उतरणार नाहीत. म्हणून विक्रेत्याला हे विचारा.

काचेचं नाव काय? नुसतं ‘ईडी’ म्हटलं तर बहुधा एफपीएल-५१ किंवा त्याच्या तोडीची काच असते. सांगायला संकोच वाटत असेल तर तेच उत्तर समजा. दुसरं, जोडीदार काच कुठली? एफपीएल-५३ हे नाव फक्त एका भिंगाचं असतं. तिच्याबरोबर योग्य लँथॅनम काच असेल तर जोडी बसते, नाहीतर महागड्या काचेचा अर्धा फायदा वाया जातो. तिसरं, व्यास आणि एफ एकत्र बघा. एफपीएल-५१ ची ८० मिमी एफ/७ डोळ्याने बघायला ठीक आहे. त्याच काचेची १२० मिमी एफ/७ गुरूवर जांभळी दिसेल. एफपीएल-५३ ची दोन भिंगांची १०० मिमी एफ/९ किंवा १२० मिमी एफ/७.५, स्काय-वॉचर इव्होस्टार मालिकेत आहेत तशी, डोळ्याने बघणाऱ्याला वर्षानुवर्षं पुरते.

तीन भिंगं म्हणजे आपोआप चांगली असंही नाही. ती लागतात एफ/६ च्या आसपासच्या आखूड नळीला आणि छायाचित्रणाला, कारण कॅमेऱ्याला जांभळा आपल्या डोळ्यापेक्षा जास्त दिसतो. त्या बदल्यात वजन पुढे झुकतं, गार व्हायला वेळ लागतो आणि धक्का बसला तर एक भिंग सरकण्याची शक्यता वाढते. रात्री दोन तास चंद्र-गुरू बघून दुर्बीण आत ठेवणाऱ्या माणसाने त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

आता प्रमाणपत्र. महागड्या दुर्बिणीबरोबर स्ट्रेल गुणोत्तराचा कागद येतो; निर्दोष भिंगाला १ धरून हे भिंग ताऱ्याचा प्रकाश किती नेमका एकवटतं ते हा आकडा सांगतो. ०.८० म्हणजे पास, ०.९५ च्या वर म्हणजे उत्तम. पण हा आकडा कुठल्या रंगात मोजला ते बघा. कारखान्यातला इंटरफेरोमीटर (भिंगाचा आकार मोजणारं यंत्र) बहुधा ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरवर चालतो. लालात ०.९७ देणारं भिंग हिरव्यात, म्हणजे डोळा सर्वांत तीक्ष्ण असतो तिथे, खाली येऊ शकतं, आणि निळ्यात आणखी खाली. हिरव्यातला (५३२ किंवा ५४६) आकडा मागा. कागदावरचा नंबर तुमच्याच नळीचा आहे ना, तेही विचारा. नमुन्यादाखल एका भिंगाचा कागद सगळ्यांना वाटला असेल तर त्याला काही अर्थ नाही. ०.९५ आणि ०.९८ मधला फरक बघायला जेवढी शांत हवा लागते तेवढी वर्षातून मोजक्या रात्री मिळते. त्यासाठी पन्नास हजार जास्त देण्याऐवजी ते माउंटवर घाला.

कोल्हापूरचं आकाश काय मागतं

इथलं अक्षांश १६.७ अंश उत्तर. त्याचा फायदा मोठा आहे. ग्रह मध्यान्हरेषेवर आला की क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास तरी असतोच, आणि मिथुनेत असला तर ८०-८४ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. युरोपातल्या परीक्षणांत हवेने फुटलेला रंग दुरुस्त करणारी जोड सांगितलेली असते, ती इथे पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. भिंग खरोखर चांगलं असेल तर त्याचा पूर्ण मोबदला या अक्षांशावर मिळतो.

तोट्यात दोन गोष्टी. पहिली, दुर्बीण सरळ वर रोखली की आयपीस (डोळ्याकडचं भिंग) खाली गुडघ्यापाशी येतो. ९०० मिमी केंद्रांतराच्या नळीत माउंटच्या अक्षापासून आयपीस अर्धा मीटर तरी खाली असतो. म्हणजे खुर्चीवर बसून (डोळ्याची उंची साधारण १.१ मीटर) बघायचं तर अक्ष १.६ मीटरवर हवा. बऱ्याच तिपाया तेवढ्या उंचीला डुगडुगतात. दुसरी, ध्रुवतारा फक्त १६.७ अंश वर. राजारामपुरीत शेजारी दोन मजले जास्त चढले असतील तर तो दिसणारच नाही. इक्वेटोरियल माउंट (ध्रुवाकडे अक्ष रोखून ताऱ्यांचा पाठलाग करणारं) घेताना अक्षांशाची खालची मर्यादा विचारा. काही माउंट २० अंशांखाली नीट बसत नाहीत, आणि बसले तरी तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला आपटतो. एक पाय उत्तरेला ठेवून दांडा सगळीकडे फिरवून बघायचा, मग मोटर चालू करायची.

शहराच्या उजेडावर अपो हा उपाय नाही. चंद्र, ग्रह, जोडतारे गच्चीवरून उत्तम. तेजोमेघांसाठी मसाई पठार किंवा राधानगरीच्या बाजूला जावंच लागतं. गगनबावड्याकडे आकाश काळं आहे, पण कोकणातून वर चढणाऱ्या ओल्या वाऱ्याने मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरतं. १०० मिमीच्या दवनळीला (भिंगापुढच्या, दव अडवणाऱ्या नळीला) १२ व्होल्टवर १० वॅटच्या आसपासचा हीटरपट्टा पुरतो. काँक्रीटची गच्ची दिवसभर तापलेली असते आणि रात्री दहा-अकरापर्यंत वाफारते. संध्याकाळी पाणी मारलं तर फरक पडतो, अंगण किंवा गवत मिळालं तर आणखी उत्तम.

दारात पोहोचेपर्यंतचा हिशेब

सीमाशुल्काच्या यादीत दुर्बीण ९००५ या मथळ्याखाली येते. गणित असं चालतं: वस्तूची किंमत, भाडं आणि विमा यांची बेरीज, त्यावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). हिशेबापुरतं मूळ शुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरू. १०० चे १११ झाले, त्यावर १८ टक्के, म्हणजे १३०.९८. १००० डॉलरची दुर्बीण आणि १५० डॉलर भाडं-विमा असेल तर ११५० चे सुमारे १५०६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर एक लाख पस्तीस-छत्तीस हजार. ‘नव्वद हजारांची दुर्बीण’ अशी दीड पटीने दारात येते. वैयक्तिक वापरासाठी हवाईमार्गे मागवलेल्या मालाला ९८०४ हा वेगळा मथळा आणि वेगळा दर लागू शकतो. मागवण्याआधी त्या दिवशीचे दर बघून कुरिअरकडून लेखी अंदाज घ्या. आधार-पॅनची पडताळणी आधीच करून ठेवली तर माल गोदामात अडकत नाही. बिल पूर्ण किमतीचंच करून घ्या. कमी दाखवलेल्या किमतीवर विमाही तेवढाच मिळतो.

देशातल्या विक्रेत्याची किंमत या आकड्याच्या आसपास असेल तर इथेच घ्या. जीएसटीचं बिल आणि देशात चालणारी वॉरंटी यांची किंमत दोष निघाल्यावरच कळते. त्याला एक अट मात्र घाला: तारा-चाचणीत (ती पुढे दिली आहे) दोष निघाला तर अमुक दिवसांत बदलून देणार, हे लेखी. पावसाळ्यात घेतली तर ती मुदत ढगांतच संपेल, म्हणून खरेदी नोव्हेंबर ते मार्चमध्ये. जुनी घेत असाल तर दिवसा आयपीसच्या बाजूने टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी. चार धुळीचे कण म्हणजे काही नाही. टॉर्चखाली कुठलंही भिंग घाणेरडंच दिसतं.

एकूण बजेटची वाटणी: नळीवर निम्म्याहून जास्त घालू नका. उरलेल्यात माउंट, दोन चांगले आयपीस आणि डायगोनल (प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा आरसा किंवा लोलक). स्वस्त डायगोनल दीड लाखाच्या भिंगाला पाण्यात बुडवतो. तारा-चाचणीत सापडणारे दोष कित्येकदा त्याचेच असतात.

आल्यावर तपासणी

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. नळीला पोचा आहे का, दवनळी सरकते का, भिंगाच्या कडेला टवका आहे का बघा. दोन भिंगांमध्ये १२० अंशांवर पातळ पट्ट्यांचे तीन तुकडे असतात. ते कडेपासून किंचित आत डोकावणं नेहमीचं, पण एक तुकडा खूप आत सरकलेला असेल तर भिंग हललंय.

फोकसर (आयपीस पुढेमागे सरकवणारा भाग) तपासा. एफ/७ ला फोकसची मोकळीक दोन्ही बाजूंना ०.०५ मिमीच असते, एफ/५.५ ला ०.०३ मिमी. नळी उभी धरून कॅमेऱ्याच्या वजनाएवढं, दीड किलो काहीतरी टांगा आणि बारीक चाक फिरवा. चाक फिरतं पण नळी सरकत नाही, किंवा आपोआप घसरते, तर ताण देणारा स्क्रू अर्धा आटा आवळा. तरीही घसरत असेल तर तक्रार करा. रॅक-पिनियन (दातेरी) फोकसर सहसा घसरत नाही, क्रेफर्ड (घर्षणावर चालणारा) घसरतो.

दिवसाची चाचणी कोल्हापुरात सोपी आहे, कारण छर्रा कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. १० मिमीचा चकचकीत छर्रा काळ्या कापडावर चिकटवून ५० मीटरवर उन्हात ठेवा. त्यात सूर्याचं प्रतिबिंब सुमारे ०.०२३ मिमीचं होतं. ५० मीटरवरून ते विकलेच्या (अंशाचा ३६०० वा भाग) दहाव्या भागाएवढं दिसतं; १०० मिमी दुर्बिणीची विभेदन मर्यादा १.१६ विकला आहे, म्हणजे तिच्या लेखी तो निव्वळ बिंदू. सूर्य पाठीमागे असला पाहिजे आणि दुर्बीण त्याच्या दिशेला चुकूनही वळता कामा नये. वेळ सकाळी सात-आठची, मध्ये डांबरी रस्ता किंवा पत्रा नको. एवढ्या जवळच्या वस्तूला फोकसर थोडा जास्त बाहेर काढावा लागतो. ७४० मिमी केंद्रांतराला ११ मिमी.

खरी परीक्षा मात्र ताऱ्यावर. दुर्बीण उघड्यावर ठेवा: दोन भिंगांना अर्धा-पाऊण तास, तीन भिंगांच्या १२० मिमीला तासभर. तारा ७० अंशांच्या वर असलेला निवडा. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री प्रश्वा आणि मघा चांगले. खालचा तारा घेतलात तर हवा एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळा रंग देते, आणि तो भिंगाचा दोष वाटतो. वर्धनशक्ती व्यासाच्या मिमीच्या दुप्पट, म्हणजे १०० मिमीला २०० पट. ७४० मिमी केंद्रांतराला ३.७ मिमीचा आयपीस होतो. घरात ४ मिमीचा असेल तर तोही चालेल.

आधी नेमक्या फोकसमध्ये बघा. मध्ये गोल ठिपका आणि त्याभोवती एक बारीक, सगळीकडे सारखं वलय दिसलं पाहिजे. वलय एकाच बाजूला जाड असेल तर भिंग तिरकं बसलंय. तीन कोपरे दिसले तर भिंगाला कडेने चिमटा बसतोय. इथल्या थंडीत हे क्वचितच होतं, बहुधा वाहतुकीत रिंग आवळली गेलेली असते. अधिक चिन्हासारखा दिसला तर दृष्टिवैषम्य (दोन दिशांना वेगवेगळा फोकस). पण ते कुणाचं? डोकं तिरकं करा. आकृती डोक्याबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्यात. डायगोनल फिरवा, त्याबरोबर फिरली तर डायगोनलचा. दोन्हींनी फिरली नाही तर डायगोनल काढून सरळ बघून खात्री करा, मगच भिंगाला बोल लावा.

मग फोकसच्या आत आणि बाहेर, पाच-सहा वलयं दिसतील इतकं सरका. दोन्हीकडे वलयांचं चित्र सारखं असावं. इथे एक मेख आहे. दोन भिंगांच्या ईडीत गोलीय दोष रंगागणिक बदलतो, त्यामुळे आतबाहेर थोडा फरक आणि रंगाची छटा दिसणारच. म्हणून हिरवी काच लावून पुन्हा बघा. हिरव्यात चित्रं जुळली तर भिंग उत्तम. हिरव्यातही एका बाजूला कडेचं वलय ठळक आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर गोलीय दोष खरा. तो किरकोळ असला तर गुरूवर काही कळत नाही, हेही लक्षात घ्या. तीनचार वेगळ्या रात्री तेच दिसलं तरच तक्रार करा. पहिल्या रात्री दिसलेले निम्मे दोष हवेचे असतात.

रंगासाठी व्याध किंवा अभिजित घ्या. नेमक्या फोकसमध्ये जांभळा धूर दिसतो का? एफपीएल-५३ च्या एफ/७.५-९ मध्ये जवळजवळ नसावा, तीन भिंगांच्या चांगल्या दुर्बिणीत अजिबात नसावा. नंतर चंद्राची कडा बघा, मधोमध आणि क्षेत्राच्या काठाला. काठावरचा रंग बऱ्याचदा आयपीसचा असतो.

शेवटी जोडतारे. सिंहेतला गॅमा, दोन घटकांत साडेचार-पाच विकला अंतर, सहज सुटला पाहिजे. भूतपातला एप्सिलॉन, २.९ विकला पण तेजात दोन प्रतींहून (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) जास्त फरक, ही खरी कसोटी: पिवळसर ताऱ्याला खेटून निळसर ठिपका. १०० मिमीत तो शांत रात्री स्पष्ट दिसला की दुर्बीण ठेवून घ्या आणि कागदावरचे आकडे विसरा.

उद्यमनगरात काय करून घ्यायचं

भिंग बाहेरून येणार, पण लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम परदेशातून भाडं देऊन आणणं कोल्हापूरकराला शोभत नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात हे सगळं होतं.

वजनं: बीडाच्या कास्टिंगची १५० मिमी व्यास आणि ४० मिमी जाडीची चकती ५ किलो भरते. बोअर (मधलं भोक) सांगण्याआधी आपल्या माउंटचा दांडा व्हर्नियरने मोजा, वेगवेगळ्या माउंटचे दांडे वेगळे असतात. ०.३ ते ०.५ मिमी मोकळीक ठेवा. बाजूने एम-८ चा बोल्ट, पण त्याच्या टोकाशी पितळेचा तुकडा टाका, नाहीतर दांड्यावर खड्डे पडतात.

खांब: ६ इंची एमएस पाइप, बाहेरून १६८ मिमी, जाडी ५ मिमी, उंची १.३ मीटर. माउंटचं डोकं धरून अक्ष १.६ मीटरवर येतो. खाली ३०० × ३०० × १२ मिमीची प्लेट, त्रिकोणी पट्ट्या वेल्ड केलेल्या. आत कोरडी वाळू भरा, ४० किलोच्या आसपास मावते. हाताने टिचकी मारली तर घणघण न करता धप्प वाजलं पाहिजे. गच्चीत बोल्टसाठी भोकं पाडू नका. इथल्या पावसाने वॉटरप्रूफिंग फोडून खालच्या खोलीत गळती होते. तीन पायांची रुंद बैठक करा आणि ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलम किंवा बीमवर ठेवा. मधोमध ठेवलं की घरात कोणी चाललं तरी गुरू नाचतो.

डव्हटेल पट्टी (दुर्बीण माउंटवर पकडणारी) ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची करून घेताना नकाशावर विसंबू नका, मूळ पट्टी टर्नरच्या हातात द्या. बाजूचा कोन चुकला तर पकड दोन बिंदूंवर येते आणि दुर्बीण रात्री दव पडल्यावर घसरते. एकच नाही म्हणायचं: भिंगाचा सेल, म्हणजे भिंग धरणारी चौकट. ‘खोलून साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

काजळी आणि पावसाळा

दिवाळीनंतर गुऱ्हाळं आणि कारखाने सुरू झाले की गच्चीवर काळी काजळी पडायला लागते, आणि तोडणीनंतर पाचट पेटतं ते वेगळं. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे ती बारीक पॉलिश पेपरच आहे. भिंगावर पडलेली काजळी फडक्याने पुसली की लेप कायमचा ओरखडला. रबरी ब्लोअरने उडवा, उरलेलं मऊ ब्रशने वरच्यावर. तेलकट डाग असेल तरच ओलं: ऊर्ध्वपातित पाणी आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मंनिम्मं, सर्जिकल कापसाचा बोळा, त्याच्याच वजनाने एकदा मधून कडेकडे, आणि प्रत्येक वेळी नवा बोळा. द्रव भिंगावर थेट ओतायचा नाही, कडेने आत शिरतो. वर्षातून एकदा पुसणं खूप झालं.

दव धरलेल्या भिंगाला टोपण लावून पेटीत ठेवणं ही बुरशीची पेरणीच. टोपण न लावता पंख्याच्या खोलीत पाऊण तास ठेवा, मग बंद करा. जून ते सप्टेंबर मूळ फोमची पेटी वापरू नका, फोम ओल धरून ठेवतो. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या पेटीत अर्धा किलो सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका. ४० ते ५० टक्के ठेवायचं. ६० च्या वर गेलं की जेल बदला. रंग बदलणारं नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. जेल १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा चालतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. जुलैमध्ये दर आठवड्याला आकडा बघा, आणि पितृपंधरवड्यानंतर पहिलं कोरडं ऊन पडलं की दुर्बीण दिवसभर सावलीत उघडी ठेवून वारा लागू द्या.